केबलचा काही दोष नव्हता

ऑफिसात सगळे तिला चिमटा म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. काम तसंच होतं तिचं. कंपनी कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क बनवायची, आणि चिमटा त्यांच्यातल्या चुका वेचून काढायची. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामध्ये एक बारीक केबल असते. तिच्यातून दोघांचं बोलणं एकेका अक्षराच्या रांगेने चालतं. त्या केबलच्या मधोमध चिमटा आपला अ‍ॅनालायझर जोडायची आणि ते बोलणं चोरून ऐकायची. कोण काय म्हणालं, उत्तर किती वेळात आलं, सगळं पडद्यावर ओळीने उमटायचं. एकोणीस वर्षं ती हे ऐकत होती. माणसं काय बोलतात याचा तिला कधीकधी पत्ता नसायचा, पण डिस्क काय बोलते ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

त्या सोमवारी ती सामानाचं खोकं घ्यायला पुढच्या दालनात गेली, तेव्हा मीटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत लोणीसाहेब बोलत होते. चाचणी विभागाचे प्रमुख. नाव पडायला कारण होतं. त्यांच्या बोलण्यावर माशी बसली असती तर घसरली असती.

"ताई, माणूस आहे, चुकतो. घाईत सेव्ह न करता मशीन बंद झालं असेल."

"घाईत?" समोरच्या बाईचा आवाज कापत होता, पण रडण्याने नव्हे. "पॅथॉलॉजी लॅबमध्ये सोळा वर्षं रिपोर्ट भरतेय मी. सेव्ह केलं होतं. सेव्ह झालं असं पडद्यावर आलंही होतं. मग वीज गेली, दोन मिनिटांनी आली, आणि मी दुरुस्त केलेले अकरा रिपोर्ट पुन्हा जुनेच! त्यातल्या एकाचं पोटॅशियम धोक्याच्या पातळीच्या वर गेलं होतं. त्याच्या डॉक्टरला जुना, चांगला आकडा गेला. दुसऱ्या दिवशी तो माणूस बाथरूममध्ये कोसळला. वाचला, पण कसा ते विचारू नका. आणि मला घरी बसवलं. निष्काळजी म्हणून."

"फार वाईट झालं. पण डिस्कचा त्यात..."

"मग तेच लिहून द्या. डिस्कचा दोष नाही, असं लेखी द्या."

"देतो ना. उद्या या. पत्र तयार ठेवतो."

चिमटा दाराबाहेर खोकं धरून उभीच राहिली. वीज जाणं, 'सेव्ह झालं' आणि पुन्हा जुनंच, हे तिन्ही एकत्र तिने आधी पाहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, आपल्याच टेबलावर.

ती खोलीत परतली आणि जुनी नोंद उघडली. तशीच होती, जागच्या जागी.

गोष्ट साधी होती. कॉम्प्युटर काही लिहायला देतो, तेव्हा डिस्क ते आधी आपल्या हाताशी, तात्पुरत्या जागेत ठेवते. मग कॉम्प्युटर म्हणतो, आता हातातलं सगळं खाली उतरव, आणि उतरवलंस की मला सांग. त्या हुकमाला फ्लश म्हणतात. फिरत्या तबकडीवर खरंखुरं लिहायचं तर मिलिसेकंदांचा वेळ लागतो. कितीही चपळ डिस्क असली तरी. आठ महिन्यांपूर्वी याच जातीच्या डिस्कने 'झालं' म्हणून उत्तर दिलं होतं तीस मायक्रोसेकंदांत, त्याच्या शेकडोपट कमी वेळात. तेवढ्यात तबकडी जेमतेम अंशभर फिरते; आणि वीज तोडून पाहिली तर जुनंच परत आलं होतं. म्हणजे डिस्क हातातलं हातातच ठेवून बेधडक खोटं बोलत होती, आणि ती आपणहून खोटं बोलत नव्हती. तिच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी तसं शिकवलं होतं, वेगाच्या तक्त्यात नंबर वर यावा म्हणून.

चिमट्याने तेव्हा तीन आठवडे भांडण केलं होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हात झटकले. लोणीसाहेब म्हणाले, "अगं, तुझ्या यंत्राची केबल जुनी झाली असेल. तसं लिही आणि सोडून दे. पुढच्या फेरीत बघू." केबलचा काही दोष नव्हता, हे तिला तेव्हाही माहीत होतं. केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक पडताळणीचा आकडा जातो. केबल बिघडली तर ते आकडे जुळत नाहीत. चार लाख गठ्ठे गेले होते आणि प्रत्येकाचा आकडा जुळला होता. पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, रजा हवी होती, डोकं भणभणत होतं. तिने 'केबल सदोष' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

आता त्या सहीकडे बघताना तिची कानशिलं तापली. ती उठली ती थेट लोणीसाहेबांच्या खोलीत.

"साहेब, त्या बाईंना खोटं पत्र देऊ नका."

"तू ऐकत होतीस?"

"ऐकायचाच पगार घेते मी. फ्लशचं उत्तर खोटं आहे. आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला."

लोणीसाहेबांनी शांतपणे एक कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. तिचाच अहवाल. "यात तर केबल सदोष असं आहे. सही कोणाची गं ही?"

तिने कागद उलटा करून ठेवला.

"बघ," ते आणखी मऊ झाले, "मी तुझ्याच भल्याचं सांगतोय. हे प्रकरण उघडलं तर पहिलं बोट कोणाकडे जाईल? माझी तर कुठेच सही नाही."

त्या संध्याकाळी तिने घरी कुकरचं झाकण असं आपटलं की नवरा आतून धावत आला. तो बसगाड्यांच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करायचा. हात अजून काळेच होते.

"त्या झाकणाने तुझं काय घोडं मारलंय?"

तिने सगळं सांगितलं. भांडी आपटत, नावं ठेवत, एकेकाचा उद्धार करत सांगितलं. प्रोग्रॅमवाला हलकट, साहेब नंबर एकचा बनेल, कंपनी चोर. नवरा ऐकत राहिला, हात पुसत.

"आणि तू?" शेवटी तो म्हणाला.

"मी काय?"

"ब्रेक लागत नाहीत हे माहीत असून मी गाडी सोडली, आणि वर लिहिलं की टायर जुने आहेत. तर तू मला काय म्हणशील?"

"तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?" ती कडाडली.

"तुझ्या बाजूने आहे म्हणून तर विचारतोय. बाकीच्यांना शिव्या घालून झाल्या ना? मग राहिलं कोण?"

ती त्याच्यावर इतकी चिडली की जेवलीच नाही. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तिने दोनदा "भूक नाही" म्हणून सांगितलं. राग नवऱ्यावर नव्हता, हे तिला पुरतं कळत होतं. आणि कळत होतं म्हणून तो आणखीच पेटत होता.

दुसऱ्या दिवशी लॅबवाली बाई दहालाच आली. पिशवीत लॅबमधून मागून आणलेली ती डिस्क होती, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. लोणीसाहेब यायचे होते. चिमटा दालनात तिची वाटच बघत होती.

"ती डिस्क मला द्या आणि माझ्याबरोबर या."

"तुम्ही कोण?"

"हिची परीक्षा घेणारी. चला."

चाचणीच्या खोलीत तिने आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढून ठेवली, मग अ‍ॅनालायझर जोडला. केबल कोरी करकरीत, लॅबवालीच्या समोर पाकीट फोडून काढलेली. एक ते हजार असे आकडे डिस्कवर लिहायला दिले. प्रत्येक शंभरानंतर फ्लश.

"आता हा पडदा बघा. कॉम्प्युटर विचारतोय, उतरवलंस का? ही म्हणतेय, उतरवलं. बघा किती वेळ लागला."

"तीस... हे काय?"

"डोळ्याचं पातं लवायला याच्या हजारो पट वेळ लागतो. आता मी हिची वीज तोडते. तुमच्याकडे गेली होती तशी."

बटण दाबलं. तबकडी घरघरत थांबली. पुन्हा वीज दिली आणि आकडे वाचायला लावले. सहाशेपर्यंत आकडे होते. पुढचे चारशे नव्हतेच. त्या जागी आधीचं जुनं तसंच पडलं होतं. आणि त्या चारशेंसाठी डिस्कने चार वेळा 'झालं' म्हटल्याचं शेजारच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

लॅबवाली खुर्चीत बसली. पडद्यावरच्या त्या चार 'झालं'वर तिने एकेक करून बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी सेव्ह केलं होतं."

"हो."

"मीच वेडी झालेय असं वाटायला लागलं होतं मला. घरचेही म्हणायचे, आठव नीट, विसरली असशील." ती एकदम थांबली. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

इथे खोटं बोलायला जागा होती. 'कालपासून' म्हटलं असतं तरी कोणी तपासणार नव्हतं.

"आठ महिन्यांपासून," चिमटा म्हणाली. "केबल खराब आहे असं मी लिहिलं. माझी सही आहे."

लॅबवाली उठून उभी राहिली. तिचा हात वर गेला तसा चिमट्याला वाटलं, आता मारणार. तिने मारलं नाही. टेबलावरचं केबलचं पाकीट चुरगळून जमिनीवर फेकलं. "तो माणूस जिन्यावरून खाली उतरू शकत नाही अजून! त्याची बायको मला रस्त्यात भेटली तर मी तोंड लपवते! आणि तुम्ही इथे एसीत बसून सही केलीत?"

"हो."

"हो काय हो!"

एवढ्यात दारात लोणीसाहेब उभे. हातात पाकीटबंद पत्र. "काय चाललंय हे? बाहेरच्या माणसाला आत कोणी घेतलं?"

"मी," चिमटा म्हणाली. आदल्या दिवसापासून कोंडलेलं सगळं आता उसळलं. "आणि आवाज चढवू नका. आठ महिने तुमचा मऊ आवाज ऐकला, त्यात हा असा घोळ झाला. वेगाच्या तक्त्यासाठी या डिस्कला खोटं बोलायला शिकवलं, मी पकडलं, तुम्ही दाबलं, मी दबले. हे सगळं मी काल रात्रीच लिहून काढलंय. माझ्या सहीसकट. एक प्रत गुणवत्ता विभागाला गेलीये, एक वरच्या साहेबांना, आणि ही तिसरी यांची." तिने कागद लॅबवालीच्या हातात दिला.

"तुला कळतंय का तू काय करतेयस? तुझी नोकरी..."

"जाऊ द्या. तुमचं पत्र वाचून दाखवा ना यांना. वाचा, वाचा!"

लोणीसाहेबांनी पत्र खिशात घातलं.

पुढे चौकशी बसली. ती पाच आठवडे चालली. डिस्कचा प्रोग्रॅम बदलला, ज्यांनी ज्यांनी त्या डिस्क घेतल्या होत्या त्यांना कळवणं भाग पडलं. लोणीसाहेबांना दुसऱ्या विभागात हलवलं, तेही प्रमुख म्हणूनच. तसली माणसं मांजरासारखी चार पायांवर पडतात. चिमट्याला खोटा अहवाल दिल्याबद्दल काढून टाकलं. ते ऐकून ती चौकशी समितीपुढेच ओरडली, की शिक्षा बरोबर आहे, पण एकटीलाच का? समितीने पुढचा कागद काढला.

लॅबवालीला लॅबने लेखी माफी मागून परत बोलावलं. हे चिमट्याला तिच्याच फोनवरून कळलं.

"कामावर रुजू झाले," ती म्हणाली. "तुम्हाला सांगावं असं वाटलं."

"बरं झालं."

"त्या कागदाबद्दल आभार मानायचे होते. पण मानवत नाहीत."

"नका मानू."

"राग जात नाही हो माझा."

"माझाही नाही," चिमटा म्हणाली.

मग पलीकडून कोणीतरी रक्ताचे नमुने आल्याची हाक मारली आणि लॅबवालीने फोन ठेवला.