ताटलीतला गोंडा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांनाही अजून वाटत नाही. एका शिंप्याने आपल्या दारातून लोकरीचा गोंडा फेकून समोरच्या सलूनमधल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण पुसला, आणि डोळे मिटून बसलेलं ते गिऱ्हाईक म्हणालं, "वा, आज हात हलका आहे हं!"

या शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. मास्तर जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेला नव्हता. पाण्याचं वेड होतं ते त्याच्या सासऱ्यांना. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता दर रविवारी ओढ्यावर. गळाला पिसांची खोटी माशी, लवचीक काठी, हवेत पुढेमागे खेळणारी लांब दोरी, आणि माशी पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाने फसावं. पण मागे एकदा शेवाळलेल्या दगडावरून ते घसरले आणि बराच वेळ पाण्यातच बसून राहिले. घरी आले ते निथळत. म्हणाले, पावसात सापडलो. आभाळात ढग औषधालाही नव्हता.

"बाबा, आता एकटं जायचं नाही," त्यांची लेक, म्हणजे मास्तरची बायको, म्हणाली.

"मग काय, राखणदार नेऊ? हाताला धरून चालवायला माणूस नको मला. जोडीदार असेल तर बोल. ज्याला माशी टाकता येते तो जोडीदार. बाकी सगळे काठावरचे बगळे."

बायकोने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने शिलाई मशीनकडे पाहिलं. पण बायकोची नजर काही हलेना, तेव्हा मास्तर उठला आणि पडद्याचा दांडा काढून त्याला जाड दोरा बांधू लागला.

"मास्तर, पडदा विसरलात!" समोरून न्हावी ओरडला.

दोन-चार दिवस ही शोभा चालली. एका संध्याकाळी सासरे दुकानात आले ते काखेत एक लांबट कापडी पिशवी घेऊन. त्यांनी दांड्याकडे पाहिलं आणि पिशवीतून वेताची दोन तुकड्यांची काठी काढून कापड बेतायच्या टेबलावर जोडली. मधाच्या रंगाची. जिथे जिथे कड्या बसवल्या होत्या तिथे रेशमी दोरा गुंडाळलेला, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केस जाईल एवढीही फट नाही. मास्तरने चष्मा वर केला.

"हे काम कुणाचं?"

"माझं. काठी माझ्या मित्राची. तो गेल्यापासून बसून आहे बिचारी." त्यांनी काठीवरून अंगठा फिरवला. "रविवारपर्यंत ठेवा, जावईबापू. रविवारी सकाळी मागच्या अंगणाच्या त्या टोकाला मी ताटली ठेवणार. तीन फेकींत गोंडा ताटलीत पडला, तर काठी तुमची आणि आपण दोघे ओढ्यावर. नाही पडला, तर मी एकटा, आणि माझ्या लेकीने पुन्हा तोंड उघडायचं नाही."

दोरीच्या टोकाला त्यांनी लाल लोकरीचा गोंडा बांधला. सरावाला गळ नको, गल्लीत माणसं राहतात, म्हणाले. मग टोपीत टोचलेली एक तपकिरी माशी काढून मास्तरच्या डाव्या मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीत खोचली. "ही रविवारची."

सराव सुरू झाला, आणि मास्तरच्या हाताचं शिंपीपण आडवं आलं. शिंप्याचा हात टाका घातला की लगेच दोरा ओढतो. इथेही मास्तर दोरी मागे फेकायचा आणि लगेच पुढे ओढायचा. दोरी चाबकासारखी कडाडायची आणि त्याच्याच डोक्यावर शेवयांसारखी पडायची.

"मागे गेल्यावर थांबायचं," सासरे म्हणाले.

"किती थांबू?"

"दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत."

"पण मागे मला दिसतंय कुठे?"

"घड्याळ तरी कुठे बघतं?" सासरे म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

मास्तर वैतागून टेबलापाशी आला. एका कोटाचं कापड बेतायचं होतं. सवयीने त्याने मापाची टेप झटकली. टेप टेबलावरून उलगडत गेली आणि तिची पितळी पट्टी पलीकडच्या कडेवर टिक् वाजली. मास्तर जागच्या जागी थबकला. टेप गुंडाळून पुन्हा झटकली. टिक्. ही टिक् ऐकल्याशिवाय त्याने आजवर कात्रीला हात लावला नव्हता! कापड तसंच टाकून तो अंगणात धावला. दोरी मागे फेकली, मनातली टिक् ऐकली, मग पुढे. दोरी हवेतून सरळ, इस्त्री केल्यासारखी गेली.

त्यानंतर गल्लीत कुणाची धडगत नव्हती. मास्तर गोंड्याने खिडकीतल्या कुंडीवरची धूळ झटकायचा, झोपलेल्या मांजराला न उठवता त्याचा कान खाजवायचा. न्हाव्याने तक्रार केली नाही. उलट साबण पुसायचा टॉवेल धुवायचं वाचलं म्हणाला.

रविवारी मात्र वारा सुटला. ताटली अंगणाच्या टोकाला बशीएवढी दिसत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको एकच कप पुसत उभी होती. पहिला गोंडा कपडे वाळत घालायच्या दोरीवर. दुसरा सासऱ्यांच्या टोपीवर.

"शेवटचा, जावईबापू," टोपी सारखी करत ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनाही हा गोंडा चुकायला नको होता, हे मास्तरला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याने दोरी मागे फेकली. वारा कानात भरला. मास्तर थांबला. अजून थांबला. टिक्. मग हात पुढे आला आणि गोंडा ताटलीत असा उतरला की ताटलीलाही कळलं नाही.

सासऱ्यांनी ताटली उचलून डोळ्याशी धरली, घड्याळाचं चाक पाहावं तशी. "चला," ते म्हणाले. "उशीर झालाय." खिडकीतला कप एकदाचा खाली ठेवला गेला.

संध्याकाळी दोघे परतले ते कंबरेपर्यंत भिजून, आणि टेबलाशी बसले ते एकाच वेळी बोलत.

"काय मासा होता म्हणून सांगू!" मास्तर म्हणाला. "वळला तेव्हा ओढा घटकाभर विसरला कुठे वाहायचं ते."

"विसरला," सासरे म्हणाले. "मी होतो ना."

"मला ओढत नेलं वरच्या डोहापर्यंत. शेवटी दमला. मग मी टेप काढली. छाती घेतली, कंबर घेतली. उंचीला टेप पुरली नाही. बाह्यांचं माप राहिलं, बाह्याच नव्हत्या."

"मग आणला का नाही?" बायकोने विचारलं.

"माप दिलेल्या गिऱ्हाइकाला कुणी धरून ठेवतं का? सोडला. पण माशी अशी गिळली होती पठ्ठ्याने, की काढताना कोपरापर्यंत हात घालावा लागला."

"कोपरापर्यंत," सासऱ्यांनी मान डोलावली. "ह्या डोळ्यांनी पाहिलं."

बायकोने चहा पुढे ठेवला. मास्तरने कप घ्यायला डावा हात पुढे केला, तसं तिने ते मनगट धरलं. टाचण्यांच्या गादीत तपकिरी माशी जशीच्या तशी खोचलेली होती, पिसं कोरडी ठणठणीत. तिने दाराशी उभी केलेली काठी पाहिली. टोकाला लाल गोंडा लोंबत होता आणि त्यातून फरशीवर पाणी टपकत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे दिवसभर गोंड्याने मासे धरत होते, आणि तुम्ही माना डोलावताय?"