लाल की काळी

उत्कर्षाचं मन महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. कोइमतूरच्या रेसिंग ट्रॅकवर तिनं दोन्ही मोटरसायकली चालवून पाहिल्या होत्या. निरंजनदादाची लाल डुकाटी आणि नोकरीसाठी परदेशी गेलेल्या त्याच्या मित्राची, शैलेशची, काळी अप्रिलिया. दोन्ही विकायला काढलेल्या. लाल गाडीवर तिची फेरी दीड सेकंद आधी संपली, आणि ट्रॅकवर दीड सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.

पण निरंजन म्हणाला, "लगेच हो म्हणू नकोस. एक रविवार दोन्ही रस्त्यावर चालव."

विकणाऱ्यानंच असं सांगावं, याचं तिला नवल वाटलं. त्याच्या मानेचा मणका सरकलेला. पुढं वाकून गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाच वर्षं जिवापाड जपलेली गाडी तो त्यासाठीच देत होता.

सकाळी सातला ते महाळुंग्याहून निघाले. ती लाल गाडीवर, तो काळीवर. पिरंगुटला वाहनं खोळंबली होती. इंजिनाची धग मांड्यांना लागत होती, अंगाचा सगळा भार मनगटांवर येत होता. पौड मागं पडेपर्यंत तिची बोटं बधिर झाली. माले गावात साळूबाईंच्या चहाच्या टपरीसमोर तिनं गाडी लावली आणि हात झटकले.

"लई वाकून बसतीस गं," साळूबाई चहा गाळत म्हणाल्या. "पाठ न्हाई दुखत?"

"पाठ नाही मावशी, मनगटं."

"मंग ही दुसरी घे की. ह्ये दादा कसं निवांत बसून आले."

चहा झाल्यावर उत्कर्षा एकटीच काळी गाडी घेऊन ताम्हिणीकडे गेली. या गाडीचं हँडल जरासं उंच होतं, क्लच हलका. एका वळणावर रस्तादुरुस्तीची खडी सांडलेली होती. मागचं चाक सरकलं, आणि ती दचकायच्या आत गाडीनं स्वतःच तोल सावरला. पुढं झाडांमधून धरणाचं पाणी दिसू लागलं. छान वाटत होतं. सोमवारची मीटिंग आठवली, बीडला आईला फोन करायचा राहिलाय हे आठवलं, घरमालकाला नळाचं सांगायचं तेही आठवलं.

तिनं गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग परत फिरली.

निरंजन बाकावर बसून होता. "कशी वाटली?"

"रस्त्यावर हीच चांगली. प्रश्नच नाही."

"मला वाटलंच होतं." तो हसला, पण नजर लाल गाडीवरच होती. "शैलेशला कळवतो मग."

"नको. मी लाल घेते."

"अगं, मनगटं?"

"दुखतायत. ऑफिसला मी स्कूटरनंच जाणार आहे, दादा. काळीवर मला सगळी कामं आठवत होती. लालवर गाडीशिवाय काहीच आठवलं नाही. मला तेवढंच हवंय. वर्षातून चार वेळा ट्रॅकवर नेईन, पण नीट चालवीन."

निरंजन उठला. त्यानं लाल गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरची धूळ तळहातानं पुसली.

"मी एकदा जाऊन येऊ? धरणापर्यंतच. हळू जातो."

उत्कर्षानं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्यानं हेल्मेट घातलं, मान जपत पुढं वाकला आणि निघाला. आवाज वळणाआड लहान होत गेला.

"दुखणं वाढलं तर गं?" साळूबाईंनी विचारलं.

"वाढेल थोडं," ती म्हणाली. "पण आज नाही म्हणता आलं नाही."

साळूबाईंनी न विचारताच दुसरा कप तिच्यापुढं ठेवला. ती सावकाश चहा पीत बसली. दहा मिनिटांच्या वाटेला निरंजनला अर्धा तास लागला. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही.