मनगटावरचा पहारा

मी कडं बोलतंय. सोन्याचं नाही, तांब्याचंही नाही, सरकारी. विश्रांतवाडीच्या 'असामान्य शक्ती नियंत्रण कार्यालया'त माझा जन्म झाला. ज्यांच्या अंगात जगावेगळी ताकद असते, त्यांच्या मनगटावर बसून ती दाबून धरायची, हे माझं काम. कुणी ती वापरू पाहिली, की कार्यालयात घंटा वाजते.

मला मांजरी गावच्या तनुजाच्या हातात घातलं. तिचा हात, मुठीतल्या वस्तूसकट, भिंतीतून आरपार जायचा, पाण्यातून जावा तसा. तिनं कधी कुणाचं काही चोरलं नव्हतं. तरी तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या यज्ञेश्वरसाहेबांनी मला कुलूप लावलं आणि म्हणाले, "होईल सवय."

तिला झाली नाही. मलाही नाही. झोपेतसुद्धा ती मला गोल गोल फिरवायची. बसमध्ये मला पाहून बायका पर्स जवळ ओढायच्या, तेव्हा तिची नाडी माझ्यावर धडका मारायची.

परवा दुपारी वीज गेली आणि तनुजाच्या इमारतीतली लिफ्ट मजल्याच्या जरा खाली अडकली. आत शेजारच्या शैलाकाकू. त्यांना दमा, आणि श्वासाचा पंप घरी राहिलेला. आधी हाका आल्या, मग नुसती घरघर.

तनुजा काकूंच्या घरातून पंप घेऊन धावली. लिफ्टच्या दारावर हात दाबला. मी तो अडवला. दुसरं काही मला येतच नव्हतं.

तिनं साहेबांना फोन लावला. "कडं उघडा साहेब, काकू गुदमरतायत!"

"वरून मंजुरी लागते, तनुजाताई. अग्निशमन दलाला बोलवा."

"केव्हाच बोलावलंय! ते ट्रॅफिकमध्ये अडकलेत."



तेवढ्यात तिचे वडील, संपतराव, लोखंड कापायची करवत घेऊन आले. "मनगट चिरंल, पोरी."

"चिरू दे, आबा. तुम्ही कापा."

करवत फिरू लागली. तिचं रक्त माझ्यावर ओघळलं. तिकडे कार्यालयात घंटा कोकलत असणार. मला एकच वाटत होतं, आपण जरा कच्च्या लोखंडाचे असतो तर!

एकदाचं मी तुटलं. पंपासकट तिचा हात खांद्यापर्यंत दारातून आत गेला. काकूंनी पंप ओढून घेतला. घरघर हळूहळू निवली.

संध्याकाळी साहेब घरी आले. काकू तनुजाच्या हाताला पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या. पुढच्या वेळी मंजुरी घेऊनच गुदमरेन म्हणते."

साहेबांनी खाली बघत माझे तुकडे उचलले. दारातून पुटपुटले, "नवं कडं यायला वेळ लागेल, तनुजाताई. बराच."

आता मी त्यांच्या खणात पडलंय. वरून फोन येतो, "तुकडे कुठायत?" साहेब म्हणतात, "शोधतोय," आणि खण गुडघ्यानं आत ढकलतात. किती दिवस ढकलतील, कोण जाणे. पावलं वाजली की माझा जीव वरखाली होतो.

माणसांनो, मला पुन्हा जोडू नका. आणि जोडलंतच, तर किल्ली तिच्याकडे द्या.