मावशीचं एकेरी तिकीट

दीतास मावशी या वेळी कायमची येणार यावर मनिलापासून दूरच्या आमच्या ओतोन गावात कुणाचाच विश्वास नव्हता. पण तसं बोलून दाखवणारी एकटी माझी आईच होती, मावशीची सख्खी थोरली बहीण.

"कायमची येते म्हणून ती मागेही आली होती," आई म्हणायची. "आणि कायमची परत गेली."

आईचं तसं चुकत नव्हतं. मावशी तरुणपणी नर्स म्हणून कॅनडाला गेली आणि तिथलीच नागरिक झाली. दोन-तीन वर्षांनी एकदा यायची. दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच शेजारीपाजारी विचारायचे, "मग, परत कधी?" बाहेरून आलेल्या माणसाला आमच्याकडे हेच पहिल्यांदा विचारतात, पाणी त्यानंतर. आई काचेच्या कपाटातली सोनेरी काठाची ताटं काढायची. जेवण झाल्यावर मावशी ताट उचलायला गेली की ओरडायची, "ठेव ते! पाहुण्यांनी हात लावायचा नाही." मावशी हसून ताट खाली ठेवायची. तिचं ते हसणं मला बघवत नसे.

निवृत्त झाल्यावर मावशीने तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन, हात वर करून पुन्हा आपल्या देशाची शपथ घेतली. म्हणजे आता ती दोन्हीकडची नागरिक. शपथेनंतर मिळालेला दाखला तिने चौकटीत बसवून घेतला आणि व्हिडिओ कॉलवर आईला अर्धा तास दाखवला. दाखला मिळाला की तो भिंतीवर लागलाच पाहिजे, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. माझ्या मुलाचा बालवाडीचासुद्धा लागलाय. मग मावशीने आपल्या देशाचा नवा पासपोर्ट काढला, एकेरी तिकीट घेतलं आणि एक भलामोठा खोका बोटीने पुढे पाठवला.

खोका तिच्या आधी पोचला. पाठवणारा माणूस आल्याशिवाय तो उघडायचा नसतो, म्हणून आईने त्यावर विणलेलं कापड घालून वर पंखा ठेवला. शेजारणी येता-जाता वास घ्यायच्या. चॉकलेट असेल, साबण असेल, डबाबंद मांस असेल.

मावशी निघायच्या दिवशी, आमच्या भर दुपारी, विमानतळावरून तिचा मला फोन आला.

"आर्लिन, घोटाळा झालाय गं. मला विमानात बसू देत नाहीत."

"का? काय केलंस?"

"काही नाही. कॅनडाच्या पासपोर्टवर तिकडे जायचं तर परतीचं तिकीट हवं म्हणे. नाहीतर मी आपल्याकडचीही नागरिक आहे हे दाखवा म्हणतात."

"मग आपला पासपोर्ट दाखव ना!"

"तो खोक्यात आहे."

"कुठल्या खोक्यात?"

"तुमच्याकडच्या. म्हटलं, तो तिकडेच लागणार, तर तिकडेच पाठवावा."

मी कपाळाला हात लावला. देशात शिरायचं साधन जिने आपल्या आधीच देशात पाठवलं, तिला काय बोलणार? मी म्हटलं, "हे बघ, तिथल्या तिथे एखादं स्वस्तातलं परतीचं तिकीट काढ. पोचलीस की रद्द कर. सगळे तेच करतात."

"ही काउंटरवरची मुलगीही तेच म्हणतेय. मी नाही काढणार."

"मावशी, हट्ट करू नकोस."

"मानांगला शब्द दिलाय मी." मानांग म्हणजे ताई, म्हणजे आई. "या खेपेला परतीचं तिकीट नाही."

फोन स्पीकरवर होता. आई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "काढ की. तसंही वापरशीलच."

एरवी मी आईला उलटून बोलत नाही, पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या हातातली सुरी ओढून घेतली आणि खोक्याकडे गेले. आई धावत येऊन आडवी उभी राहिली.

"ती आल्याशिवाय नाही!"

"ती यायला हवी असेल तर बाजूला हो."

आई बाजूला झाली. मी पंखा उतरवला आणि चिकटपट्टी कापली.

चॉकलेट नव्हतं. साबण नव्हता. सगळ्यात वर एक उशी होती, झोपून झोपून चपटी झालेली. तिच्याखाली बुडाला काळा पडलेला तवा, घरात घालायच्या सपाता, शेकायची रबरी पिशवी, दोरीने बांधलेली भरतकामाची कात्री. आम्हाला द्यायची म्हणून एकही वस्तू नव्हती. सगळं तिचं स्वतःचं, रोजच्या वापरातलं.

आईने उशी उचलली आणि जमिनीवरच बसली.

"उशी पाठवलीय हिने," ती म्हणाली. "पाहुणी माणसं उशी घेऊन येत नाहीत गं."

पासपोर्ट त्या उशीच्या अभ्र्यातच निघाला. मी घाईघाईने फोटो पाठवला. मावशीने तो दाखवला. काउंटरवरच्या मुलीने साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, फोटो चालत नाही, अस्सल कागद हातात हवा. आणि थोड्याच वेळात काउंटर बंद होणार.

"काढते मग तिकीट," मावशी हळूच म्हणाली.

आईने माझ्या हातातून फोन हिसकावला. "दीतास! परतीचं तिकीट काढलंस तर तंगडी मोडीन तुझी!"

"अगं मानांग, आत्ताच तूच तर—"

"मी काहीही बोलेन! तो दाखला कुठाय? अर्धा तास माझं डोकं खाल्लंस तो?"

"चौकटीतला? तो आहे हातातल्या पिशवीत. काच आहे त्याला, बोटीने कशी पाठवू?"

"मग दाखव की तिला!"

"अगं, तो भिंतीवर लावायचाय."

मी किंचाळले, "मावशी, तुझ्या नागरिकत्वाचाच दाखला आहे तो! अस्सल!"

तिने व्हिडिओ लावला. स्वेटरमध्ये गुंडाळलेली ती सोनेरी चौकट तिने दोन्ही हातांनी काउंटरवर उभी केली. मुलीने वाचलं. साहेबाने वाकून काचेतून शिक्का पाहिला, संगणकात काहीतरी तपासलं. मग तो सरळ उभा राहिला आणि हसला.

"हाच तर मागत होतो, बाई. जा तुम्ही."

मागच्या रांगेत आपलीच माणसं होती. त्यांनी असा काही गलका केला की आमचा फोन कडकडला. कुणीतरी ओरडलं, "आजी, चौकट वर करा!" आणि मावशीने ती खरोखरच डोक्यावर धरली, कप जिंकल्यासारखी. इकडे आई उशी पोटाशी धरून रडत होती आणि मधूनमधून बहिणीला शिव्या देत होती. मीही रडले. आमचे मासे तसेच पडून होते, ते मांजराने नेले.

दुसऱ्या दिवशी मावशी घरी पोचली. मनिलाच्या अधिकाऱ्यालाही तिने चौकटच दाखवली म्हणे. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कुणीतरी सवयीने तोंड उघडलं, "मग, परत—" आईने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने पुढचं गिळलं.

जेवायला आईने तूर, कच्चा फणस आणि डुकराचं मांस घालून रस्सा केला होता, मावशीच्या आवडीचा. काचेचं कपाट मात्र बंदच राहिलं. मावशीसमोर आमच्यासारखंच टवके उडालेलं ताट आलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पोटभर जेवली.

जेवण झाल्यावर ती हात आवरून बसून राहिली. जुनी सवय.

"बसलीस काय?" आई मोरीकडे बोट दाखवत म्हणाली. "ऊठ, ताट धू आपलं. आणि माझंही घे."

मावशी उठली. नळाखाली दोन्ही ताटं धरून ती इतक्या मोठ्याने हसत होती की अंगणातली माणसं आत डोकावून बघायला लागली.