रील सात, जिना

दादरच्या ज्या स्टुडिओत माझी सात वर्षं गेली, तिथे आता बावीस मजली इमारत उभी आहे. तिथे मी नायिकांची पावलं वाजवायचे. पडद्यावर नायिका चालू लागली की माइकपुढे अंधारात मी चालायचे. कधी वाळूत, कधी फरशीवर, कधी लाकडी पायऱ्यांवर. काचेपलीकडे बसून तो आवाज टिपणारे चिंतामणी पुढे माझे यजमान झाले.

त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरात फोटो पुष्कळ आहेत, आवाज एकही नाही.

म्हणून लोअर परळच्या नव्या स्टुडिओतून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एक जुना चित्रपट स्वच्छ करून पुन्हा दाखवणार होते. टेपच्या डब्यांवरची अक्षरं पुसली होती आणि ओळखणारी मी एकटीच उरले होते.

तिथली स्पृहा माझ्या नातीच्या वयाची.

"आजी, पावलं कुठल्या प्रसंगाची तेवढं सांगा. आधी कोणीतरी बोलतं, ते आम्ही कापून टाकतो."

"तेच ऐकायला आलेय गं मी."

"का? कोण आहे ते?"

"माझा नवरा."

पहिली टेप लागली. स्पृहाने माझ्याकडे पाहिलं.

"हे नव्हेत. हा जयवंत, त्यांचा मदतनीस. याचं नाक बारा महिने चोंदलेलं."

ती हसली. दुसऱ्या टेपवरही जयवंतच निघाला, तेव्हा मात्र ती हसली नाही.

"आता एकच राहिलीय, आजी."

खरखर झाली. मग कोणीतरी खाकरलं. मी खुर्चीची कड धरली.

"रील सात. जिना. टेक तीन." आणि मग हळूच, "सरू, बांगड्या."

रेकॉर्डिंगआधी बांगड्या उतरवून रुमालात बांधायच्या असत. मी दर वेळी विसरायचे. पुढे पुढे तर मुद्दाम.

पायऱ्या वाजू लागल्या. सव्वीस वर्षांची मी भराभर वर चढत होते. आता मनगटात नुसतं घड्याळ असतं, तरी दुसऱ्या हाताने मी ते घट्ट दाबून धरलं.

पावलं थांबली. टेप फिरतच होती.

"आजी, पाणी देऊ?" स्पृहाने विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. ते अजून 'कट' म्हणाले नव्हते.