न घेतलेलं नाव

सर्वेक्षणाची एकशे बारा घरं झाली आणि माझे पाय बोलायला लागले. प्रत्येक घरी चहा, पाव आणि तोच प्रश्न: "मूल आजारी पडलं तर आधी कुणाकडे धावता? नाव सांगा." जिचं नाव जास्त जणी घेतील तिला जिल्ह्याकडून औषधपेटी आणि रक्तदाबाचं यंत्र.

उत्तर मला पाठ होतं. नारीन शहराच्या रस्त्यावरच्या आमच्या या गावातली निम्मी पोरं माझ्या सासूच्या हातावर जन्मलीत. तिचं यंत्र दोन वर्षांपूर्वी मोडलं, तेव्हापासून ती या पेटीची वाट बघतेय. पण गाव सगळं एका कुळाचं, बायका बहुतेक सुना, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून घेत नाही.

"पांढऱ्या घरातल्या आई," शेजारची मेरिम म्हणाली.

"नाव सांग गं."

"तू घे की! तुझी तर सख्खी सासू."

टॅबलेटमध्ये यादीतलं नावच निवडता येतं. शिवाय आम्हाला बजावलेलं, समोरची बोलेल तेच नोंदवा, स्वतःच्या पदरचं घालू नका. मग कुणी दुकानवाल्या झमीराचं नाव सांगून मोकळी व्हायची. ती गावची लेक, वयानं लहान, तिचं नाव घ्यायला कुणाचं काय जातं? बाकीच्यांपुढे मी 'कुणी नाही' दाबत गेले. इतक्या जणींचं 'कुणी नाही' कसं, असं वर ऑफिसात कुणीतरी विचारेल असं वाटलं. मूर्ख मी.

आज कोण कुणाकडे धावतं याचा नकाशा आला. झमीराभोवती रेघांचं जाळं, कोपऱ्यात एक एकटा ठिपका.

सासूनं चष्मा लावला. "ही मी?"

"हो, एने." आमच्याकडे सासूला एनेच म्हणतात.

"कुणीच नाही म्हणालं?"

"सगळ्यांनी तुम्हालाच सांगितलं, एने. नाव तेवढं घेतलं नाही."

"आणि तुझ्या स्वतःच्या फॉर्मवर?"

मी मान खाली घातली. तिथंही 'कुणी नाही'च होतं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तिथल्या तिथं ऑफिसला फोन लावला. "तो ठिपका चुकलाय, साहेब. सगळ्या जणी तिच्याकडेच जातात."

"कुणाकडे? नाव बोला."

सासू समोरच बसलेली. "ऊलकान," मी म्हणाले. "ऊलकान जुमाबायेवा."

"आत्ता सांगताय? पेटी गेली दुकानात."

फोन ठेवला. आता ती रागावणार, म्हणून मी उभीच राहिले.

"बस," ती म्हणाली. "माझी आई गेल्यापासून हे नाव कुणी घेतलं नव्हतं. पुन्हा एकदा म्हण."