टेलचं पाणी

बोटीत पाय ठेवायच्या आधीच देवरावांचे पाच प्रश्न विचारून झाले होते. बूड पाण्यात किती जातं, इंजिन किती ताकदीचं, एवढ्याशा नहरीत बोट वळते कशी. बोट चालवणारा प्रीतम शेवटी हसला. "काका, तुम्ही फिरायले आले का तपासणीले?"

"अठ्ठावीस वर्षं या नहरीचा पाटकरी होतो गा. काठानं चालून चालून चपला झिजल्या, पण पाण्यातून कधी पाहिली नाही."

खरंच होतं. कुहीकडच्या या तलावाचं गेट उघडायचं, बंद करायचं, पाणी शेवटच्या शेतापर्यंत, म्हणजे टेलपर्यंत पोचवायचं, यातच त्यांची नोकरी सरली. आता गेट पुढे नेलं होतं आणि मोकळ्या झालेल्या नहरीतून हौशी लोकांची बोट फिरत होती. शहरात, सदरला ऑफिसात काम करणाऱ्या लेकीनं, भूमिकानं, आईबापाची तिकिटं काढून दिली होती. प्रेमिलाबाई मात्र लाइफ जॅकेट आवळून, बोटीची कड घट्ट धरून बसल्या होत्या. सोडली तर बोट पळूनच जाणार होती जशी!

पण देवराव काही हवा खायला आले नव्हते. एकोणीस वर्षं एक प्रश्न त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी त्यांनी गेट पूर्ण उघडलं, नहर काठोकाठ भरली, तरी पाणी टेलवर पोचलं नाही. टेलवर शेत होतं प्रेमिलाबाईंच्या थोरल्या भावाचं, ताराचंदचं. सगळं धान पोचट निघालं. ताराचंदनं चार लोकांत "बेशरम पाटकरी" म्हणून त्यांची अब्रू काढली आणि तेव्हापासून 'जवाईबुवा' हा शब्दच टाकला. बहिणीला फोन केला तरी विचारायचा, "तो पाटकरी बरा हाय का?" प्रेमिलाबाईंनी ना भावाची बाजू घेतली, ना नवऱ्याची. देवरावांना तेच जास्त लागलं होतं.

तलाव ओलांडून बोट नहरीत शिरली. पाणकावळे उडाले तशा प्रेमिलाबाई जरा सैल झाल्या. देवराव मात्र नहरीची मातीची पाळ न्याहाळत होते.

"हे एवढं साफ काहून दिसून राहिलं गा? इथं तर बेशरमचं रान होतं." बेशरम म्हणजे नहरीच्या कडेनं माजणारं जांभळ्या फुलांचं झुडूप. कितीही तोडा, पुन्हा हजर.

"बोटीले आडवं ये. मागच्या महिन्यातच साफ केलं सारं."

"थांब! थांबव बोट!"

पाण्याच्या वीतभर वर, पाळीत एक भोक होतं. प्रीतमनं बोट जवळ नेली. देवरावांनी आत हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला.

"पडसान नं!" प्रेमिलाबाईंनी त्यांचा शर्ट धरला.

प्रीतम पाळीवर चढून पलीकडे पाहून आला. "काका, तिकडं सरळ नाल्यापर्यंत घळ पडली हाय."

"खेकड्यायनं पोखरलं," देवराव म्हणाले. "नहर अर्धी असली का भोक कोरडं. भरली का पाणी नाल्यात. अन् मी वेडा, टेलले पोचावं म्हणून आणखी भरून राहिलो होतो!" ते मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

प्रेमिलाबाईंनी त्यांचा शर्ट सोडला. "मले वाटे, तुमच्याच हातून काही चुकलं असन, अन् तुम्ही लपवून राहिले."

"माहीत होतं मले. मंग विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं अन् तुम्ही हो म्हटलं असतं, तर?"

प्रेमिलाबाईंनी बोटीची कड सोडली, पिशवीतून मोबाइल काढला आणि स्पीकर लावला.

"दादा, पाणी सापडलं."

"कोणतं पाणी वं?"

"तुह्या धानाचं." त्यांनी सगळं सांगितलं. भोक, नाला, खेकडे, काही सोडलं नाही.

पलीकडून ताराचंद म्हणाला, "बेशरमच्या मागं होतं?"

"हो."

"प्रेमिला, फोन जवाईबुवाले दे."

देवरावांचा हात खांद्यापर्यंत चिखलानं माखला होता. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि फोन घेतला.